मास्तर आणि सिस्टर

नगरमध्ये माझ्या आजी-आजोबांना वेगवेगळं कुणी ओळखत नसे. 'मास्तर-सिस्टर' असं एका दमात म्हणायचे. मास्तर-सिस्टरकडे पत्रिका गेली का, मास्तर-सिस्टरच्या घरावरून डावीकडे वळा, तू मास्तर-सिस्टरची नात ना? आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि आजी नर्स, म्हणून ही नावं पडली. बायकोला सगळं गाव सिस्टर म्हणतं आणि चारचौघांत नवराही तसंच म्हणतो, याचं आमच्याकडे कुणाला हसू येत नसे. माझ्या पुण्याच्या नवऱ्याला मात्र पहिल्यांदा ते ऐकून चहाचा ठसका लागला होता.

त्यांचं लग्न १९५८ सालचं. आजोबा २०१४ मध्ये गेले, आजी २०२२ मध्ये. दोघांच्याही स्मरणसभेला चर्च भरलं होतं आणि दोन्ही वेळी भाषणं जवळजवळ तीच झाली. आदर्श ख्रिस्ती दांपत्य होतं. एकही रविवार चुकवला नाही. एकमेकांना कधी उलट शब्द बोलले नाहीत. या तिसऱ्या वाक्याला माझ्या शेजारी बसलेल्या आईनं डोळे मिटून घेतले, आणि ते काही प्रार्थनेसाठी नव्हे.

गेलेल्या माणसांबद्दल चांगलंच बोलावं, हे मलाही मान्य आहे. पण जोडपं म्हणून कौतुक सुरू झालं की दोन माणसांचं एकच माणूस होऊन बसतं, आणि त्या एका माणसाला बहुतेक वेळा नवऱ्याचा चेहरा असतो. आजीच्या स्वतःच्या सभेत निम्मा वेळ लोक आजोबांच्या पेटीबद्दल बोलत होते. एकानं तर तिला 'मास्तरांची सावली' म्हटलं. आजीला हे ऐकायला मिळायला हवं होतं. तिनं उत्तर दिलं असतं. म्हणून मला ती दोघं आधी सुटी करून बघायची आहेत.

रविवारापासून सुरुवात करते. आमच्या चर्चमध्ये त्या काळी पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसत, मधून वाट. आजोबा तर बाकावरही नसत, ते पुढे पेटीवर. म्हणजे ज्या जोडप्याला लोकांनी वर्षानुवर्षं चर्चमध्ये 'सोबत' पाहिलं, ते उपासनेला एका बाकावर कधी बसलंच नाही. बसायला लागले ते म्हातारपणी, आजोबांची बोटं आखडल्यावर. तेव्हा आजीची तक्रार अशी की उपदेश सुरू झाला की हे घोरतात आणि लोक माझ्याकडे बघतात.

आणि रविवार न चुकवण्याचं म्हणाल तर ते आजोबांपुरतं खरं. आजीनं नोकरीच्या काळात अर्धेअधिक चुकवले असतील. दवाखाना रविवारी बंद नसतो. नाइट करून सुटली तर ती गणवेशातच सायकलवरून परस्पर चर्चला यायची, शेवटच्या बाकावर टेकायची, आणि प्रभुभोजन घेऊन घरी जाऊन झोपायची. सकाळची ड्यूटी असली तर तेही नाही. एकदा कुणा पाळकसाहेबांनी शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला विसाव्याचा दिवस, पाळण्यावर उपदेश करताना नोकरीच्या नावाखाली मंडळीपासून दूर राहणाऱ्या भगिनींना एक टोमणा मारला. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना आजी त्यांना म्हणाली, "साहेब, प्रभूनं शब्बाथाच्या दिवशी इतक्या लोकांना बरं केलं. तिथं नर्स कोण होती, तेवढं शास्त्रात लिहायचं राहिलंय." पुढे हा किस्सा आजोबाच रंगवून सांगत आणि शेवटी स्वतःच सगळ्यांत जास्त हसत. त्या दिवशी मात्र म्हणे घरी पोचेपर्यंत ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

नगरकडच्या ख्रिस्ती लोकांबद्दल बाहेर फार कमी माहीत असतं, म्हणून थोडं सांगायला हवं. (शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे, त्या दोघांचं मात्र ते नगरच.) अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ मध्ये आलं. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं १८४२ मध्ये, ते नगरहून. सावित्रीबाई फुल्यांनी मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे शिकवण्याचे धडे घेतले तेही इथेच. पण आमच्यासारख्यांच्या घराण्यांचा इतिहास शहरात कमी आणि शेवगाव, नेवासे, राहुरी, पारनेरच्या खेड्यांत जास्त आहे. मिशनकडे गेलेले बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे होते. आजोबांचे आजोबा शेवगाव तालुक्यातल्या एका महारवाड्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत या भागाला एकामागून एक भयानक दुष्काळ पडले, त्या काळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पोटासाठी धर्म सोडला, असं गावानं म्हटलं आणि अजूनही कुणी कुणी म्हणतं. आजोबा त्यावर वाद घालत नसत. "पोटासाठीच गेले असतील," म्हणायचे. "भाकरी तेव्हाच संपली. पाटी अजून घरात आहे." पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराला शाळेच्या पायरीला शिवता येत नव्हतं, त्या घरातला माणूस मुलांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवतो, यात केवढा प्रवास आहे हे त्यांना रोज आठवत असावं. शुद्धलेखनाच्या बाबतीत ते इतके कडक का होते, याचं मला दुसरं स्पष्टीकरण सापडत नाही.

आजी वडाळ्याची. नेवासे तालुक्यातलं वडाळा बहिरोबा, आमच्या लोकांच्या तोंडी 'वडाळा मिशन'. तिथल्या दवाखान्याच्या आवारात ती वाढली, त्यामुळे तिला डॉक्टरांचं अप्रूप नव्हतं आणि भीती त्याहून नव्हती. स्थळ एका पाळकांनीच सुचवलं. तीन रविवार चर्चमध्ये पुकार झाले, कुणी हरकत घेतली नाही, आणि पांढऱ्या साडीत लग्न लागलं. तिचा पगार त्यांच्यापेक्षा जास्त होता. हे आपल्याला आधी सांगितलंच नव्हतं, असं आजोबा म्हणत. सांगितलं होतं, पण त्यांना ऐकू आलं नाही, असं आजी म्हणे.

पगारावरून आठवलं. आजोबा बरीच वर्षं चर्चचे खजिनदार होते. दर महिन्याला घरातून दशांशाची, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्शाची, दोन पाकिटं जात, एक त्यांच्या पगाराचं आणि एक तिच्या. एकाच घरातून दोन पाकिटं कशाला, एकाच नावावर पावती फाडू, असं त्यांनी सुरुवातीला सुचवून बघितलं. आजी म्हणाली, पावती माझ्या नावाची, नाहीतर पाकीट पुढच्या महिन्यात. त्यानंतर ते स्वतःच्याच बायकोला स्वतःच्याच घरात बसून रीतसर शिक्का मारून पावती देत राहिले. त्यांची सही, तिचं नाव. आईकडे त्यातल्या काही अजून आहेत.

पण आईकडच्या कागदांत सगळ्यांत मोलाची चीज आहे ती वही.

झालं असं, की ही दोघं एका घरात राहत होती पण एका वेळी फारशी नसत. आजोबांची शाळा साडेदहा ते साडेपाच, मग शिकवण्या, मग चर्चची कामं. आजीच्या ड्यूट्या आठवड्याआठवड्याला बदलणाऱ्या. कित्येकदा ती येई तेव्हा ते गेलेले असत. तेव्हा आजोबांनी शाळेतली एक जुनी हजेरीची वही आणली, जिची मागची पानं कोरी होती, आणि ती स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. जो जाईल त्यानं लिहून जायचं, जो येईल त्यानं वाचायचं. एक वही संपली की दुसरी आली. बऱ्याचशा बंबात गेल्या. चार-पाच वाचल्या, त्या आईनं मला वाचायला दिल्या तेव्हा मी रात्रभर जागी होते.

त्यांत 'प्रिय' नाही, 'तुझा' नाही, तारखेच्या वर साधा नमस्कारही नाही. आजोबांचं अक्षर सुबक आणि टेकून लिहिलेलं: "शेंगोळे पातेल्यात आहेत. तिखट थोरलीने टाकले, माझा दोष नाही. बुधवारची प्रार्थना आपल्याकडे आहे, साखर आणणे." खाली आजीचं पळतं अक्षर: "शेंगोळे चांगले होते. साखर आणली. धाकट्याच्या कानात तेल घालू नका, मी आल्यावर बघते. रात्री दोन बाळंतपणं, एक अडलेलं. दोघी ठिक." आणि त्या 'ठिक'वर लाल शाईनं दीर्घ वेलांटी काढलेली, वर शिक्षकी गोल. पानोपानी हे आहे. बायको रात्रभर अडलेली बाई सोडवून आली आहे आणि हे तिची वेलांटी दुरुस्त करताहेत! आजीनं यावर भांडण केलेलं नाही. तिनं तिच्या हत्यारानं उत्तर दिलं आहे. दोन-तीन पानांनंतर एक नोंद: "रविवारी तपासलं, बीपी १६०/१००. मीठ कमी करणे. लाल शाई पण कमी करणे."

या वह्यांत मला माझ्या आजोबांचा स्वयंपाक सापडला. आजीच्या नाइट असत तेव्हा चार पोरांचं रात्रीचं आणि सकाळचं ते करत. भाकरी शिकले, ती शेवटपर्यंत जाडच राहिली. हुलग्याचे शेंगोळे मात्र त्यांना आजीपेक्षा चांगले जमत, हे आजीनंही लिहून ठेवलं आहे. साठच्या दशकात नगरमध्ये एक शिक्षक पदर खोचल्यासारखा टॉवेल खोचून चुलीशी बसतो, हे शेजारपाजारच्यांना बघवत नसे. आजोबांना स्वतःलाही ते फार मिरवावंसं वाटत नसावं, कारण पाहुणा आला की टॉवेल पहिला खुंटीवर जाई. स्मरणसभेत त्यांच्या पेटीबद्दल, अक्षराबद्दल, प्रामाणिक हिशोबाबद्दल सगळं आलं. भाकरीबद्दल कुणी बोललं नाही. माहीतच नव्हतं.

एक नोंद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. आजीचं अक्षर: "४ नंबरच्या बाईसाठी प्रार्थना करा. मुल गेलं." त्याखाली दुसऱ्या दिवशीची आजोबांची तारीख, आणि एकच शब्द: "केली." लाल शाई कुठेही नाही. आजीच्या त्या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे.

पदांच्या चालीवरून मात्र दोघांचं कधीच जमलं नाही. आजोबा पेटी संथ वाजवत. 'उपासना संगीत' या आमच्या पदांच्या पुस्तकातलं पद शब्द कळेल असं म्हटलं गेलं पाहिजे, ना. वा. टिळकांनी काय पळत सुटायला लिहिलं आहे का, हा त्यांचा मुद्दा. आजीला ते सोसत नसे. ती बायकांच्या बाजूनं खणखणीत आवाजात पद पुढे ओढी, आणि तिच्या मागे सगळ्या बायका. कडवं संपताना बायका अर्धी ओळ पुढे, पेटी मागे आणि पुरुष मधल्या मधे कुठेतरी, असा प्रकार आमच्या चर्चनं वर्षानुवर्षं ऐकला. घरी आल्यावर त्याचा निकाल लागायचा. म्हणजे लागायचा नाहीच, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. 'एकमेकांना उलट बोलले नाहीत' म्हणणारी माणसं त्याच चर्चमध्ये बसून ही लढाई ऐकत होती, याचं मला नवल वाटतं.

भांडणाचे विषय चर्चनं त्यांना भरपूर पुरवले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्चच्या संघटना, एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. नगरची आमची परंपरा कॉंग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपल्या मतांनी चालवायचा. आता वर बिशप येणार. आजोबा उखडले. अमेरिकेतून आलेल्या माणसांनी शंभर वर्षं बिशपावाचून चालवलं, आणि आपल्या हातात आल्यावर आपण डोक्यावर माणूस बसवून घेतो, असं त्यांचं म्हणणं. या विषयावर त्यांनी वहीत एक अख्खं पान लिहिलं आहे, मुद्द्यांना आकडे घालून. माझ्या मते ते आजोबांचं सर्वोत्तम गद्य आहे. त्याखाली आजीची नोंद: "वाचलं. तूरडाळ संपली."

ती बिशपांच्या बाजूची होती असं नाही. तिला त्या वादात रसच नव्हता. तिची मंडळी वेगळीच होती: वॉर्ड, बाळंतिणी, आया, सफाईवाल्या बायका, आणि गावोगावच्या सुइणी. १९७२ च्या दुष्काळात हे फार स्पष्ट झालं. नगर जिल्हा होरपळला होता, रस्त्या-तलावांच्या कामांवर माणसांची रीघ लागलेली, सुकडी वाटली जात होती. आजी दवाखान्याच्या पथकाबरोबर कामांवर जायची, उलट्या-जुलाबाची मुलं बघायची. तिकडेच राहावं लागे तेव्हा वहीऐवजी चिठ्ठ्या चालत, एसटीच्या कंडक्टरकडे दिलेल्या पिशवीतून. आजोबा त्या दिवसांत शाळा आणि घर दोन्ही ओढत होते आणि चर्चच्या मदतकामाचा हिशोब ठेवत होते. दोघं एकच काम करत होते असं म्हणता येईल, पण एकत्र करत नव्हते. तिच्या एका चिठ्ठीत तिनं बारा ओळी औषधांची यादी लिहिली आहे आणि शेवटी, "तुमचा चष्मा नीट केला का?"

आमच्यात नवरा-बायकोचं उदाहरण द्यायचं झालं की टिळक आणि लक्ष्मीबाई ठरलेले. आजोबांना नारायण वामन टिळक म्हणजे प्राण. नगरला त्यांनी काढलेली वर्षं, त्यांची भजनं, त्यांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी केलेली ख्रिस्ती कीर्तनं, हे सगळं ते मुलांना कालच घडल्यासारखं सांगत. आजी लक्ष्मीबाईंच्या बाजूची. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोला न विचारता घेतला, आणि ती पाच वर्षं होरपळली, हे आजी मुद्दाम आठवण करून देई. आणि तिचा ठेवणीतला मुद्दा म्हणजे 'ख्रिस्तायन'. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ते काव्य जेमतेम सुरू झालं होतं. पुढचे बहुतेक सगळे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना लिहिता-वाचता आलं तेच मुळी लग्नानंतर. "आणि लोक म्हणतात टिळकांचं ख्रिस्तायन," असं म्हणून ती आजोबांकडे बघायची. आजोबा म्हणायचे, आरंभ त्यांचा आहे. आजी म्हणायची, डोहाळे त्यांचे असतील, बाळंतपण बाईनं केलंय.

दुसरं जोडपं जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. त्याआधी ते वडाळ्याच्या दवाखान्यात होते, म्हणून आजीला त्यांच्याबद्दल माहेरचा अभिमान. खेड्यातल्या, बहुतेक न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं आणि गावाचं आरोग्य त्यांच्याच हाती सोपवायचं, ही त्यांची पद्धत पुढे जगभर अभ्यासली गेली. आजी एकदा तिथे जाऊन ते बघून आली. ती येताना खूश होती की चिडलेली, ते आईला आजही सांगता येत नाही. चार वर्षं घासून, रात्री जागून जे आपण शिकलो ते ही अंगठाबहाद्दर बाई आपल्यापेक्षा सोप्या भाषेत सांगते, हे तिला लागलं होतं. पण नंतर सुइणींशी बोलण्याची तिची तऱ्हा बदलली, आणि हाताखालच्या पोरींनाही तिनं ती बदलायला लावली. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो दोघांना मिळून. आजीनं पेपरातलं ते कात्रण वहीत डकवलं आहे. बाजूला तिच्या अक्षरात फक्त, "दोन नावं."

आजोबा १९९० मध्ये निवृत्त झाले, आजी १९९३ मध्ये. वही बंद झाली आणि खरी भांडणं सुरू झाली. पस्तीस वर्षं चिठ्ठ्यांवर संसार केलेली दोन माणसं दिवसभर समोरासमोर आली. रेडिओचा आवाज, खिडकी उघडी की बंद, वर्तमानपत्राचं पहिलं पान कुणाला. आम्ही नातवंडं सुट्टीत जायचो तेव्हाचं घर हे असं, सतत तणतणणारं आणि आम्हाला अतिशय आवडणारं. नाताळच्या आधीचा आठवडा तर युद्धाचाच: करंज्यांचं सारण आजी करणार, यादी आजोबा करणार, आणि यादीतलं वेलदोडे किती यावरून दोघं दोन खोल्यांत. मंडळीची गात फिरणारी पोरं रात्री दोनला दारात आली की मात्र दोघं एकदम उठत, आणि पोरांना चहा देताना चाल फार धीमी की फार जलद यावर त्या पोरांचंच मत घेत.

एक गोष्ट मला इथे स्पष्ट सांगायची आहे. ही माणसं चर्चमुळे एकत्र राहिली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं सोपं आहे. त्याच चर्चमध्ये मोडलेले, कुजलेले संसारही मी पाहिले आहेत, आणि ते टिकवा म्हणून बायकांनाच केलेला उपदेशही ऐकला आहे. पण या दोघांना चर्चनं एकमेकांशिवायची जागा दिली. त्यांना पेटी, हिशोब, रविवारची मुलांची शाळा. तिला महिला मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, बायकांच्या बाजूचं पुढारपण. घरी येताना प्रत्येकाकडे दुसऱ्याला सांगायला किंवा दुसऱ्याशी भांडायला काहीतरी असे. निव्वळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत छप्पन्न वर्षं काढायची वेळ आली असती तर माझी खात्री आहे, एकानं तरी शेवगावला किंवा वडाळ्याला पाय लावून पळ काढला असता.

शेवटचे काही महिने आजोबांची मूत्रपिंडं कामातून गेली होती. घरीच ठेवायचं ठरलं. आजी तेव्हा ऐंशीच्या जवळ आलेली, पण तिनं कमरेला रुमाल बांधला आणि ती पुन्हा सिस्टर झाली. नवरा म्हणून लाड नाहीत. सहाला अंग पुसणं, सातला औषध, दर दोन तासांनी कूस. भिंतीवर तक्ता लावला, पाणी किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा, रकाने आखून. भेटायला आलेल्या एका बाईंना तिचा कोरडेपणा खटकला आणि त्यांनी तसं आईला सांगितलंही. आजोबांना मात्र तेच हवं होतं असं मला वाटतं. रडणाऱ्या बायकोपेक्षा हुशार नर्स त्यांना जास्त ओळखीची होती. जाण्याच्या आदल्या आठवड्यात आई तक्ता बघायला गेली तर आजीनं लिहिलेल्या 'लघवि'वर थरथरत्या हातानं लाल दीर्घ वेलांटी काढलेली होती. पेन त्यांना कुणी दिलं, ते कुणी कबूल केलं नाही.

पुढची आठ वर्षं आजी एकटी राहिली, आणि भाषणातलं ते रविवारचं वाक्य या आठ वर्षांपुरतं अगदी खरं आहे. तिनं एक टेबल मागून घेतलं. उपासना संपली की ती बाहेर बसे, बीपीचं यंत्र लावून. सगळ्यांचं बघायची, शेजारच्या रिक्षा स्टँडवरच्यांचंही. ज्यांचं जास्त निघे त्यांचं नाव वहीत आणि पुढच्या रविवारी चौकशी. दरम्यान चर्चमध्ये कीबोर्ड आला, ड्रम आला, आणि पदं अशी धावायला लागली की आजीला दम लागे. एकदा ती त्या कीबोर्डवाल्या पोराला म्हणाली, "अरे, शब्द तरी कळू दे." आई म्हणाली, "पप्पा हेच म्हणायचे." आजी म्हणाली, "ते फारच हळू वाजवायचे." तिनं माघार म्हणून ती घेतली नाही.

तिनं आम्हाला सांगून ठेवलं होतं, जमलं तर मला वेगळी जागा बघा, आयुष्यभर त्यांचं घोरणं ऐकलंय. पण दफनभूमीत जागा उरलेली नाही, त्यामुळे आजोबांचीच कबर उघडली. आता दगड नव्यानं करायचा होता. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (नाव: मास्तर-सिस्टर परिवार) वचन कोणतं घालायचं यावर कित्येक महिने चर्चा चालली. मामाला तेविसावं स्तोत्र हवं होतं, एका मावसभावाला करिंथकरांस पत्रातलं प्रीतीबद्दलचं. शेवटी वचनच नको, असं ठरलं, कारण खर्च वाढत होता आणि एकमत होत नव्हतं.

दगडवाल्यानं नमुना करून पाठवला. वर ठळक अक्षरांत आजोबांचं पूर्ण नाव, त्याखाली 'व त्यांची पत्नी', त्याखाली आजीचं. दोन तारखा, एक क्रूस. सगळ्यांनी अंगठे दिले. रात्री उशिरा थोरल्या मावशीचा निरोप आला, तीही आता निवृत्त नर्स. 'व त्यांची पत्नी' काढा, ते सगळ्यांना माहीत आहे. आजोबांच्या नावाखाली 'शिक्षक, ३४ वर्षे' लिहा आणि आईच्या नावाखाली 'परिचारिका, ३७ वर्षे'.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. दगडवाल्यानं मोजपट्टी लावून बघितली आणि मान हलवली. बाईंची ओळ मोठी होते, म्हणाला, बसायची नाही, त्यांचं अक्षर बारीक घ्यावं लागेल.

"मग मास्तरांचंही बारीक घ्या," मावशी म्हणाली.